अम्मांची फौज आणि शेजारचे आजोबा

न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला शिकायला आले त्या वर्षी ऐन हिवाळ्यात आमचा फ्लॅट मालकाने विकला, आणि आम्हा चौघी मुलींची पांगापांग झाली. माझ्या वर्गातल्या एकीच्या ओळखीतून मला वेलिंग्टनबाहेरच्या अप्पर हटमधल्या एका घराचा पत्ता मिळाला. मलेशियाहून आलेली एक तमिळ नर्स तिथे आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राहत होती. नर्सच्या ड्यूट्या बहुतेक संध्याकाळच्या असायच्या. त्या वेळात आईजवळ कुणीतरी असावं म्हणून तिला घरात एक विद्यार्थिनी हवी होती.

मी बॅग घेऊन गेले तेव्हा नर्सच्या आई हीटरशेजारच्या खुर्चीत बसल्या होत्या. पँट, जाड कार्डिगन, पायांत लोकरी मोजे, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "कुठली?"

"इंडिया. पुणे."

त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि एकदम हिंदीत म्हणाल्या, "तो खड़ी क्यों हो? बैठ जाओ."

मी झटकन बसले. आवाजच तसा होता. नंतर कळलं की त्यांना येणारी सगळी हिंदी अशीच होती, हुकमाची. "पानी लाओ." "सीधा चलो." "देर मत करो." मी बटाट्याची भाजी केली की त्या म्हणायच्या, "अच्छा है. और लाओ." मुलीशी त्या तमिळमध्ये बोलत, शेजाऱ्यांशी इंग्रजीत, आणि माझ्याशी अर्धं इंग्रजीत, अर्धं या हिंदीत. तमिळ घरातल्या, मलायात जन्मलेल्या, उभ्या जन्मात भारतात पाऊल न ठेवलेल्या बाईला ही हिंदी कुठून आली, असं मी एकदा विचारलं.

"फौज में सीखा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

पुढच्या काही संध्याकाळी त्यांनी मला सगळं सांगितलं. अम्मा, मी त्यांना तेच म्हणायचे, एका रबराच्या मळ्यावर जन्मल्या. आजी-आजोबा मद्रासकडून बोटीने मजुरीला आलेले. आई-वडील पहाटे झाडांना चीर द्यायचे आणि ठिबकलेला चीक उन्हं चढायच्या आत गोळा करायचे. मुकादम शिवी दिल्याशिवाय बोलत नसे. मग युद्ध आलं, गोरे साहेब मोटारींत बसून निघून गेले आणि जपानी आले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने जवळच्या गावात सभा झाली. हिंदुस्थानाला सोडवायला हिंदी लोकांचीच एक फौज सिंगापूरला उभी राहते आहे, आणि तिच्यात बायकांचीही पलटण आहे, असं त्या सभेत सांगितलं. माझ्या शाळेच्या पुस्तकात त्या फौजेवर जेमतेम एक परिच्छेद होता. त्या परिच्छेदातली एक शिपाई माझ्यासमोर बसून मटार सोलत होती.

"बायका हातातल्या बांगड्या काढून देत होत्या," अम्मा म्हणाल्या. "माझ्या हातात बांगडी नव्हती. म्हणून मी नाव दिलं. पंधरा वर्षांची होते, अठरा सांगितली. आई रडली. अप्पा म्हणाले, जाऊ दे तिला, इथे तिच्यासाठी काय ठेवलंय."

"भीती नाही वाटली?"

"बूट मिळाले ना." त्या हसल्या. "माझे पहिले बूट. आणि जेवायला सगळ्या एका रांगेत. वकिलाची मुलगी, डॉक्टरची मुलगी, मळ्यावरची मी. कुणी मला 'ए' म्हटलं नाही. बहन म्हणायच्या. त्या बुटांवर आणि त्या 'बहन'वर मी कुठेही गेले असते."

लढाईबद्दल मात्र त्यांनी कधी फुशारकी मारली नाही. बंदूक शिकल्या, पण ती शत्रूवर चालवायची वेळ आली नाही. ब्रह्मदेशातल्या एका दवाखान्यात त्यांची तुकडी जखमींची शुश्रूषा करत होती. "मी देशासाठी बेडपॅन धुतले, बेटी," त्या म्हणायच्या. "कुणीतरी धुवायलाच हवे होते." फौज हरली. परतताना नद्या, चिखल, वरून विमानं. त्या कितीतरी दिवस चालल्या.

हे ऐकताना मला आमच्या घरातली एक गोष्ट आठवत होती आणि ती सांगावी की नाही ते कळत नव्हतं. आम्ही बौद्ध. आमच्या घराण्यात पलटणीला फार मान. माझे पणजोबा इंग्रजांच्या सैन्यात होते आणि त्याच युद्धात, त्याच ब्रह्मदेशात लढले होते. म्हणजे अम्मांच्या समोरच्या बाजूला. आमच्या घरी त्यांचा गणवेशातला फोटो अजून भिंतीवर आहे. ज्या गावात त्यांना विहिरीवर चढू देत नसत, त्या गावात ते बूट घालून, छाती काढून चालत परत आले होते. पलटणीत त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, म्हणून आजोबा शिकले, म्हणून वडील, म्हणून मी. ज्या फौजेविरुद्ध अम्मा उभ्या राहिल्या तिने आम्हाला माणसांत आणलं होतं.

शेवटी एका संध्याकाळी मी सांगून टाकलं. अम्मांनी शांतपणे ऐकलं.

"त्यांनाही बूट मिळाले म्हणजे," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं." मग म्हणाल्या, "नशीब, आमची गाठ पडली नाही. नाहीतर आता मला भाजी कुणी करून दिली असती?"

त्या घरात मला काय काय मिळालं ते सांगत बसले तर संपायचं नाही. पहिल्या परीक्षेत मी नापास झाले तेव्हा अम्मांनी सहानुभूती दाखवली नाही. म्हणाल्या, "आम्ही परत चालत होतो तेव्हा नियम होता. थकलं तर उभं राहायचं, पण बसायचं नाही. बसलेली उठत नाही." दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजमधून आले की त्यांच्या समोर पुस्तक घेऊन बसायचं आणि त्यांनी झोप येईपर्यंत पहारा द्यायचा, असं सुरू झालं. ट्रेनला दहा मिनिटं उशीर झाला तरी त्या खिडकीशी उभ्या असायच्या. परक्या देशात आपली कुणी वाट बघतं ही गोष्ट किती मोठी असते, ते ज्याची कुणी वाट बघत नाही त्यालाच कळतं. ते मी आधीच्या फ्लॅटमध्ये पुरेसं शिकले होते.

शेजारी एक आजोबा राहत. गोरे, ऐंशीच्या आसपासचे, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. ते स्वतःचं लॉन कापायचे तेव्हा मशीन तसंच पुढे ढकलत अम्मांच्या दारासमोरची गवताची पट्टीही कापून टाकायचे. त्याबद्दल अम्मा त्यांना मुलीने केलेली करी द्यायच्या आणि ते ती टोस्टवर घालून खायचे. शनिवारी दुपारी कुंपणातल्या फटीतून ते चहाला येत. तिघांत मीच बडबडी होते. ते दोघं बहुतेक हवामानावर बोलत.

एप्रिलमध्ये, अॅन्झॅक डेच्या आधी, ते असेच आले होते. त्या दिवशी इथे युद्धात गेलेल्यांची आठवण करतात. पहाटे अंधारात लोक गावातल्या स्मारकापाशी जमतात, कोटाला कागदाचं लाल पॉपीचं फूल लावतात. आजोबा म्हणाले की त्यांचे थोरले भाऊ मलायात सर्व्हेअर होते, युद्ध लागल्यावर तिथल्या स्वयंसेवक दलात शिरले, सिंगापूरला जपान्यांच्या हाती सापडले आणि कैदेतच वारले. सयाममध्ये, आजच्या थायलंडमध्ये, जंगलातून रेल्वे बांधताना.

"तेव्हा मी शाळेत होतो," ते म्हणाले. "दरवर्षी बायको बरोबर यायची. आता पायही साथ देत नाहीत. तुम्ही दोघी येता का? तुम्हीसुद्धा ते युद्ध पाहिलंय."

अम्मांनी कप खाली ठेवला. "येईन मी. पण मी कोणत्या फौजेत होते ते आधी ऐका. नंतर कळलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल."

आणि त्यांनी सांगितलं. फौज हिंदुस्थानाच्या स्वातंत्र्याची, पण जपान्यांच्या जोडीने लढणारी. सरळ चार वाक्यांत, काही न लपवता.

आजोबांना समजलंय, असं आधी त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांच्याबरोबर होतात?"

"हो."

ते उठले. चहाबद्दल थँक यू म्हणाले, तेही नीट, आणि फटीतून न जाता पुढच्या दाराने गेले.

त्यानंतरच्या शनिवारी ते आले नाहीत. लॉन मोअरचा आवाज आला तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी आपल्या हद्दीपर्यंत गवत कापलं, मशीन वळवलं आणि परत गेले. त्यांच्याकडची पट्टी गुळगुळीत, आमच्याकडची वाढलेली. मधे रेघ मारल्यासारखी दिसत होती. मला राग आला. मी अम्मांना म्हटलं, "त्यांना काय कळणार गुलामी म्हणजे काय ते."

"त्यांचा भाऊ मेलाय," अम्मा म्हणाल्या. "तू गप्प बस."

दोन दिवस त्या फार बोलल्या नाहीत. मुलीने विचारलं तरी नाही. तिसऱ्या दिवशी मी दुपारीच घरी आले, तर त्या कार्डिगन घालून, वॉकर समोर घेऊन तयार बसल्या होत्या.

"चलो," त्या म्हणाल्या.

शेजारच्या दारापर्यंत जायला आम्हाला बराच वेळ लागला. आजोबांनी दार उघडलं. आत या म्हणायला ते क्षणभर थांबले, पण म्हणाले. बैठकीत फायरप्लेसच्या वर त्यांच्या भावाचा फोटो होता. लांब हातापायांचा, डोळे बारीक करून हसणारा तरुण माणूस. अम्मा त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"मी त्या दिवशी अर्धंच सांगितलं," त्या म्हणाल्या. "उरलेलं मी कुणालाच सांगत नाही. माझ्या मुलीला थोडं माहीत आहे."

मग त्यांनी सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकलं. त्या फौजेत गेल्या त्याच्या काही महिन्यांनंतर मळ्यावर जपान्यांचे ट्रक आले. सयाममध्ये तीन महिन्यांचं काम आहे, मजुरी चांगली मिळेल, असं सांगून त्यांनी पुरुषांना नेलं. जे तयार नव्हते त्यांनाही नेलं. अम्मांचे वडील त्यात होते. ते काम म्हणजे तीच रेल्वे; रूळ घालून झाले तरी दुरुस्तीला माणसं लागतच होती. मळ्यावरून गेलेल्यांपैकी फारच थोडे परत आले. त्यांत अप्पा नव्हते. कॉलऱ्याने गेले, एवढं एका परतलेल्या माणसाने आईला सांगितलं. अम्मा तेव्हा ब्रह्मदेशात जखमींची फडकी धूत होत्या. त्यांना काही माहीत नव्हतं.

आजोबा भावाच्या फोटोकडे बघत होते.

"फौज हरल्यावर आम्ही चालत ब्रह्मदेशाच्या दक्षिणेला मौलमीनपर्यंत आलो," अम्मा पुढे म्हणाल्या. "तिथून आम्हाला मालगाडीच्या डब्यांत बसवलं आणि बँकॉककडे आणलं. त्याच रेल्वेने. माझे अप्पा त्या रुळांच्या कडेला कुठेतरी होते आणि मी वरून गेले. मला कळलं ते घरी पोचल्यावर. मी गाडीत झोपले होते. पाय सुजले होते, बसायला मिळालं, म्हणून मला बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला अजून..." त्यांनी वाक्य सोडून दिलं.

मी अम्मांच्या खुर्चीमागे उभी होते. मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण धीर होत नव्हता.

आजोबांनी विचारलं, "तुम्हाला आधी कळलं असतं तर?"

"माहीत नाही," अम्मा म्हणाल्या. "मी जपान्यांसाठी गेले नव्हते. हिंदुस्थानासाठी गेले. पण अन्न त्यांचं होतं, गाडी त्यांची होती. तुम्हाला राग आला तर तो बरोबर आहे. मी माफी मागायला आले नाही. तुम्ही अर्ध्या गोष्टीवर रागावला होतात, म्हणून पूर्ण सांगायला आले."

आजोबा उठून खिडकीशी गेले. आता ते आम्हाला जायला सांगणार, असं मला वाटलं. ते परत वळले तेव्हा त्यांनी वेगळंच विचारलं.

"तुम्ही पूर्ण वेळ झोपला होतात?"

"नाही. काही वेळ."

"मग काय दिसत होतं?"

अम्मांना प्रश्न कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी आजवर कुणाला भेटलो नाही," आजोबा म्हणाले, "जो तिथून गेलाय. पुस्तकं आहेत. फोटो आहेत. पण त्या दिवसांत तिथून गेलेलं माणूस मला कधी भेटलं नाही. आई मरेपर्यंत विचारत होती, जागा कशी असेल ती."

मग अम्मांनी डोळे मिटले आणि आठवून आठवून सांगितलं. डब्याचं दार थोडं उघडं ठेवलेलं. बाहेर बांबूच बांबू, इतके जवळ की पानं आत यायची. एका बाजूला डोंगर तासलेला, दुसऱ्या बाजूला खाली नदी, मातकट, रुंद. लाकडी पुलांवर गाडी इतकी हळू चालायची की पुलाखालचं पाणी ऐकू यायचं. पावसाने सगळं हिरवं झालेलं. एके ठिकाणी गाडी थांबली तेव्हा पिवळ्या फुलपाखरांचा थवा डब्यात शिरला आणि दमलेल्या मुली हसायला लागल्या.

"सुंदर होतं," अम्मा म्हणाल्या. "हे मी कुणालाच सांगितलं नाही, कारण तसं सांगणं बरं दिसत नाही. पण जागा सुंदर होती."

आजोबा खुर्चीत बसले आणि त्यांनी चेहरा हातांत घेतला. "त्याला नद्या आवडायच्या," ते म्हणाले. ते रडत होते आणि आम्ही दोघी तिथेच थांबलो. नंतर मीच जाऊन किटली लावली. त्यांच्या किचनमध्ये चहाची पाकिटं कुठे आहेत ते शोधायला मला वेळ लागला, आणि तो वेळ लागला ते बरं झालं.

अॅन्झॅक डेला आम्ही तिघं गेलो. थंडी बोचरी होती, गवतावर दव गोठलेलं. नर्सने ड्यूटी बदलून घेऊन आम्हाला गाडीने सोडलं. स्मारकापाशी पोचल्यावर आजोबांनी खिशातून पॉपी काढलं आणि अम्मांच्या कार्डिगनला लावू लागले. अम्मांनी त्यांचा हात धरला.

"मी लावलेलं चालेल?"

"तुमच्या वडिलांसाठी आहे," ते म्हणाले. मग त्यांनी मलाही एक दिलं. अम्मांनी त्यांना माझ्या पणजोबांबद्दल सांगून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

बिगुल वाजला तेव्हा अम्मांनी वॉकर सोडला. मी पुढे झाले, पण त्यांनी मानेनेच नको म्हटलं. टाचा जुळलेल्या, हात बाजूला, हनुवटी वर. बिगुल संपेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि संपल्यावर मात्र त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. कार्यक्रमानंतर हॉलमध्ये चहा होता. आजोबांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी अम्मांकडे बघून आजोबांना विचारलं, या कोण. मला वाटलं, आता पुन्हा सगळं समजावून सांगावं लागणार.

"माझी शेजारीण," आजोबा म्हणाले. "हिचे वडील आणि माझा भाऊ एकाच ठिकाणी आहेत."

त्या गृहस्थांनी अम्मांशी हस्तांदोलन केलं आणि त्यांना बिस्किटांची बशी आणून दिली. बस, एवढंच.

पुढे मला नोकरी लागली, लग्न झालं, आम्ही ऑकलंडकडे, पापाकुराला राहायला आलो. आजोबा आधी गेले. त्यांच्या शेवटच्या वर्षात अम्मा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसत असत, असं नर्सने फोनवर सांगितलं. अम्मा त्यानंतर दोन हिवाळे होत्या. मुलीने एकदा त्यांना भारताचं तिकीट काढून देते म्हटलं होतं. त्या नको म्हणाल्या. मला कारण सांगितलं ते असं: "इतक्या वर्षांनी बघायला जायचं आणि आवडला नाही तर? आता मी कुठे दुसरा देश शोधू?" माझी मुलगी झाली तेव्हा व्हिडिओ कॉलवर त्यांनी तिला बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "इसको बोलो, जल्दी बड़ी हो जाओ." तो त्यांचा मला मिळालेला शेवटचा हुकूम.

पणजोबांच्या फोटोला नमस्कार करायला मला लहानपणी शिकवलं होतं. अम्मांना नमस्कार करायला कुणी शिकवलं नाही, तो मी माझ्या मनाने करते. त्या दोघांत मला कधी निवड करावी लागली नाही. ते माझं सुख अम्मांनी मला दिलं, आणि इतकं सहज दिलं की त्याचं वजन मला कितीतरी वर्षांनी कळलं.

गेल्या एप्रिलमध्ये माझी मुलगी शाळेतून पॉपी लावून आली. ती आता आठ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रेनने शहरात निघालो होतो तेव्हा तिने विचारलं की आपल्या घरातलं कुणी युद्धात होतं का. मी पणजोबांचं सांगितलं आणि मग अम्मांचं. शहर येईपर्यंत सांगत होते. ती खिडकीला डोकं टेकून ऐकत होती. मला वाटलं, कोण बरोबर, कोण चूक, असं काहीतरी ती विचारणार.

"मम्, were you scared of her?" तिने विचारलं.

"पहिल्या दिवशी," मी म्हटलं. "थोडीशी."

"And then?"

"मग नाही. मग मी तिथेच राहिले."

तिला ते पटलं असावं. तिने सॅकमधून सफरचंद काढलं, एक घास घेतला आणि उरलेलं मला दिलं.